ग्रंथ की जडवस्तू?

सरकारी शाळेच्या दप्तरात एक वही असते. तिचे शुद्ध नाव 'जडवस्तू संग्रह नोंदवही'. बोलताना सगळे 'डेड स्टॉक रजिस्टर' म्हणतात. टेबल, खुर्ची, फळा, घंटा, सतरंजी, पाण्याची टाकी यांची गणती त्या वहीत होते. पुस्तकांची वही वेगळी असली तरी तिच्याकडे पाहण्याची नजर हीच. वर्षाअखेर मोजायचे, नग बरोबर भरले की सही ठोकायची आणि कपाट बंद करायचे. नाव ज्याने ठेवले त्याच्या द्रष्टेपणाला आम्ही हात जोडतो.

गेल्या होळीच्या आदल्या दिवशी काठीला जाताना सातपुड्यातल्या एका शाळेत आम्ही थांबलो. 'ग्रंथालय दाखवा' म्हटल्यावर एक शिक्षक जरा संकोचले आणि आम्हाला वऱ्हांड्याच्या टोकाला घेऊन गेले. तिथे राखाडी रंगाचे, काचेच्या दाराचे लोखंडी कपाट होते. त्याला पितळी कुलूप. आतली निम्मी पुस्तके प्लॅस्टिकच्या वेष्टनातच होती. वरच्या थप्पीवर पालीच्या अंड्यांची टरफले पडली होती. नववीतल्या दोन मुली आमच्या मागे येऊन उभ्या राहिल्या. त्यांना पुस्तकांबद्दल विचारले, तर त्या कपाटाकडे न पाहता नावे म्हणू लागल्या. वरच्या फळीवर डावीकडून पहिले हे, दुसरे ते, तिसरे ते. तीन वर्षे मान वाकडी करून, काचेला नाक लावून त्यांनी पुस्तकांच्या पाठी वाचल्या होत्या. एकाही पुस्तकाचे पोट त्यांनी पाहिलेले नव्हते.

किल्ली कुठे आहे? ज्या सरांकडे आहे ते तालुक्याला मीटिंगला गेले होते. मग ते शिक्षक हळूच म्हणाले, "साहेब, पुस्तक हरवले तर वसुली आमच्या पगारातून. वाटले नाही तर कोणी विचारत नाही."

या एका वाक्यात महाराष्ट्राचे सगळे ग्रंथालय-धोरण बसते. त्या शिक्षकाला आम्ही दोष देत नाही. माणूस हुशार आहे. शासनाला काय हवे ते त्याने बरोबर ओळखले आहे. शासनाला वाचक नको आहेत, नग हवे आहेत. आणि गंमत अशी की नियम सांगतो ते याच्या उलट! केंद्र सरकारच्या 2017 च्या सामान्य वित्तीय नियमावलीत ग्रंथालयांसाठी स्वतंत्र तरतूद आहे. वर्षभरात दिल्या-घेतल्या गेलेल्या दर हजार पुस्तकांमागे 5 पुस्तके गहाळ झाली, तर त्यात बेइमानी किंवा हलगर्जी नसल्यास ते नुकसान रास्त धरावे, असे दिल्लीचे वित्त खाते म्हणते. दमडीदमडीचा हिशेब मागणाऱ्या वित्त खात्यालाही कळते की पुस्तक हाताळले की फाटते, कधी हरवते, कधी पाहुण्याबरोबर शेजारच्या पाड्यावर जाते. हे शहाणपण राज्यातल्या शाळेच्या वऱ्हांड्यापर्यंत कुणी कधी पोचू दिले नाही. ज्या कपाटातून दहा वर्षांत एकही पुस्तक हरवले नाही, त्या कपाटाच्या रक्षणकर्त्याला आपल्याकडे शाबासकी मिळते. खरे तर चौकशी त्याचीच व्हायला हवी.

आता काठीकडे वळू. अक्कलकुवा तालुक्यातले हे गाव, जुन्या मेवासी संस्थानाचे ठिकाण. इथली राजवाडी होळी सगळ्या सातपुड्यात मानाची. तिची परंपरा 1246 पासूनची सांगतात. महाराष्ट्र, गुजरात, मध्य प्रदेश अशा तिन्ही राज्यांतून माणसे रात्रभर चालत, जीपच्या टपावर बसून येतात. अंगावर रेखाटलेले ठिपके, डोक्यावर मोरपिसांचे टोप, कमरेला घुंगरू आणि वाळलेल्या दुधी भोपळ्यांच्या माळा बांधलेले बावा-बुध्या रात्रभर ढोलावर नाचतात. पहाटे होळी पेटते. तिच्यासाठी उंचच्या उंच बांबू जंगलातून आणला जातो आणि तो रोवण्याचा खड्डा कुदळ-फावड्याने नाही, हातांनी खणतात. ठेकेदार नाही, निविदा नाही, उद्घाटनाची कोनशिला नाही. ऊसतोडीला आणि मजुरीला गुजरातेत पांगलेली कुटुंबे या रात्रीसाठी परत येतात.

त्याच रात्री आमचे पुढारी, अधिकारी आणि कॅमेरेवालेही येतात. 'वैभवशाली आदिवासी संस्कृती' असे दोन शब्द माइकवर बोलतात, मोरपिसांचा टोप घालून फोटो काढतात आणि उजाडायच्या आत गाड्या देवगोईचा घाट उतरू लागतात. या संस्कृतीची भाषा कोणती, त्या भाषेत पुस्तके किती, ती या गावातल्या पोरांच्या हाती पडतात की नाही, असा प्रश्न त्यांतल्या एकाने विचारल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

शासन म्हणेल, आमच्याकडे कायदा आहे. आहे ना! महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम, 1967. पण त्या कायद्याची घडण नीट पाहा. शासनाचे स्वतःचे ग्रंथालय जिल्ह्याच्या गावापर्यंत येऊन थांबते. त्याखाली 'शासनमान्य' ग्रंथालये. म्हणजे आधी चार शहाण्यासुरत्यांनी संस्था नोंदवायची, धर्मादाय आयुक्तांकडे खेपा घालायच्या, जागा मिळवायची, पुस्तके जमवायची, वर्गणीदार दाखवायचे आणि मग अर्ज करायचा. मान्यता मिळाली तर अ, ब, क, ड असा वर्ग आणि त्या वर्गाप्रमाणे अनुदान. ज्या गावात वकील, निवृत्त मुख्याध्यापक आणि पेठेतले चार व्यापारी आहेत, त्या गावाला हे जमते. कायद्याच्या कितीतरी आधी रत्नागिरीत 1828 मध्ये, नाशकात 1840 मध्ये, पुण्यात 1848 मध्ये वाचनालये उभी राहिली, आणि ती उभारणाऱ्यांबद्दल आम्हाला आदरच आहे. पण ज्या डोंगरात हे चौघे नाहीत, तिथे कायदा फिरकतच नाही. ज्याच्याकडे आहे त्याला देणारा हा कायदा आहे. ज्याच्याकडे नाही त्याच्याबद्दल त्याचे तोंड बंद.

बरे, जमवाजमव करून अर्ज केला तरी काय? 2012 मध्ये ग्रंथालयांची पडताळणी झाली, बोगस वाचनालये सापडली आणि त्यानंतर कित्येक वर्षे नव्या मान्यतेचे दारच बंद राहिले. चोर पकडले म्हणून साऱ्या गावाला दरवाजे बंद! राज्यात सुमारे 28 हजार ग्रामपंचायती आणि शासनमान्य ग्रंथालये सुमारे 12 हजार. त्यांतही कितीतरी शहरांत. अनुदान तरी किती? 2022 साली 60 टक्क्यांची वाढ वाजतगाजत जाहीर झाली, तेव्हा 'ड' वर्गाचे वर्षाचे 30 हजार वाढून 48 हजार झाले. महिन्याला 4 हजार. यातूनच ग्रंथपालाचा पगार, वर्तमानपत्रे, मासिके, वीज आणि नवी पुस्तके. निम्मे पगाराला धरा, तर ग्रंथपालाच्या हाती महिना 2 हजार रुपये. एवढ्यावर आठवडाभर ऊसतोडीलाही कोणी येणार नाही.

आता दुसरा आकडा. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाला शासन 2 कोटी रुपये देते. 2024 च्या फेब्रुवारीत हे संमेलन आमच्या खानदेशात, अमळनेरला झाले. साने गुरुजींची कर्मभूमी, म्हणून सगळ्यांचे ऊर भरून आले होते. तीन दिवसांचा मांडव. तेरड्याचा रंगही तीनच दिवस टिकतो, पण त्याला 2 कोटी लागत नाहीत! त्या रकमेत 'ड' वर्गाच्या 416 ग्रंथालयांचे एक वर्ष निघते. त्याच वर्षी ऑक्टोबरात मराठीला अभिजात दर्जा मिळाला. पेढे वाटले गेले, आम्हीही एक खाल्ला. पण जी भाषा आपल्याच जिल्ह्यातल्या मुलीला पुस्तकाची पाठ वाचायला लावते आणि आतले पान उघडू देत नाही, तिला अभिजात म्हणताना आमची जीभ अडखळते.

जोतीराव फुल्यांनी 1882 मध्ये हंटर आयोगापुढे हाच हिशेब मांडला होता. महसूल कष्टकरी रयतेच्या घामातून, आणि शिक्षणावरचा खर्च वरच्या वर्गांच्या पोरांवर; हा कोणता न्याय, असा त्यांचा सवाल होता. सव्वाशेहून अधिक वर्षे झाली. आज काठीचा तरुण मोबाइलचे रिचार्ज करतो तेव्हा 18 टक्के कर भरतो. त्या कराचा वाटा मुंबई-पुण्यातल्या ग्रंथालयाच्या वातानुकूलित अभ्यासिकेत पोचतो. त्याला स्वतःला पोलीस भरतीचा अभ्यास करायचा तर नंदुरबारला किंवा धुळ्याला खोली घ्यावी लागते, महिन्याचे पैसे मोजून खासगी अभ्यासिकेत खुर्ची मिळवावी लागते. आणि मग आम्हीच म्हणणार, आदिवासी मुलांना वाचनाची गोडी नाही!

कोणी म्हणेल, डोंगरात ग्रंथालय चालवणे अवघड. अवघड? या डोंगराला लागून असलेला सोनगड-व्यारा हा मुलूख बडोदे संस्थानात होता. त्या संस्थानचे राजे सयाजीराव गायकवाड आपल्याच नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे. 1910 मध्ये त्यांनी अमेरिकेतून बॉर्डन नावाचा ग्रंथपाल आणला आणि संस्थानभर ग्रंथालयांचे जाळे विणले. गाव, प्रांत पंचायत आणि संस्थान या तिघांनी खर्चाचा समान वाटा उचलायचा. जिथे ग्रंथालय उभे राहणे शक्य नाही तिथे लाकडी पेट्यांतून पुस्तके पाठवायची. पेटीचे जाण्यायेण्याचे भाडे सरकारचे. एका माणसाने शंभर वर्षांपूर्वी, बैलगाडीच्या जमान्यात हे केले. पुढे 1940 मध्ये मुंबई इलाख्यात असफ फैजी समितीने मध्यवर्ती ग्रंथालयापासून गावापर्यंतची उतरंड कागदावर आखून दिली. उतरंडीचे वरचे माठ भरले, खालचे कोरडे राहिले. आणि 1945 मध्ये ग्रंथालयाचा कायदा करणारे हिंदुस्थानातले पहिले राज्य कोणते? कोल्हापूर. म्हणजे अक्कल आपल्याच घरची होती. तिला आपण जडवस्तू करून नोंदवहीत टाकले.

जगात पैसा कसा उभा राहतो ते पाहू. अँड्र्यू कार्नेगी हा पोलादाचा सावकार. संप मोडून काढणारा, मजुरांना पिळणारा; त्याची आरती ओवाळण्याचा आमचा मुळीच विचार नाही. पण त्याने 2509 ग्रंथालयांना पैसे दिले आणि देताना एक अट घातली, तिच्यापुढे आमच्या दात्यांनी मान खाली घालावी. इमारतीचे पैसे मी देतो. जागा गावाने द्यायची आणि इमारतीच्या खर्चाच्या 10 टक्के रक्कम दरवर्षी करातून ग्रंथालयावर खर्च करण्याचा ठराव नगरपालिकेने आधी करायचा. ठराव नाही तर पैसा नाही. म्हणजे दानाच्या निमित्ताने त्याने सरकारच्या गळ्यात कायमची जबाबदारी बांधली. आपल्याकडे उलटे आहे. इथला दाता सरकारची जबाबदारी काढून घेतो आणि सरकार हसतमुखाने ती काढून देते. कंपनीच्या सामाजिक निधीतून एक टेम्पो येतो, निळ्या टी-शर्टातली मंडळी उतरतात, खोकी देतात, फलकासमोर मुलांना उभे करतात, जातात. खोक्यांत काय? जुन्या अभ्यासक्रमाची इंजिनिअरिंगची गाइडे, पाने गळालेले दिवाळी अंक, डायऱ्या, सोसायटीच्या साफसफाईत निघालेली रद्दी. आपल्या घरातली अडगळ दुसऱ्याच्या घरात टाकायची आणि त्याला दान म्हणायचे! भीक नको पण कुत्रा आवर, असे म्हणण्याची सोय तिथल्या मुख्याध्यापकाला नसते. त्याला आभारपत्र द्यावे लागते आणि नग पुन्हा नोंदवहीत चढवावे लागतात.

केनियात, गारिसाच्या वाळवंटी मुलखात, तिथली राष्ट्रीय ग्रंथालय सेवा उंटांच्या पाठीवर पेट्या लादून भटक्या पशुपालकांच्या वस्त्यांवर पुस्तके नेते. उंट आपल्या मंत्रालयालाही ठाऊक आहे. पण त्याचा उपयोग शेळ्या हाकण्यापुरता.

मात्र आमचे लक्ष सर्वांत जास्त वेधले ते नॉर्वेने. देश लहान, लोकसंख्या 55 लाखांच्या घरात. आपली भाषा इंग्रजीच्या पुरात वाहून जाईल या भीतीने त्यांनी 1965 पासून एक योजना चालवली: आपल्या भाषेत निघणाऱ्या नव्या साहित्यकृतींच्या शेकडो प्रती सरकारी कला परिषद विकत घेते आणि देशभरच्या ग्रंथालयांना वाटते. लेखकाला मानधन मिळते, प्रकाशक तगतो, खेड्यातल्या वाचकाला नवे पुस्तक मिळते. एका खर्चात तिघांचे पोट भरते. आता 2011 च्या जनगणनेत भिली बोलणाऱ्यांचा आकडा पाहा: 1 कोटी 4 लाख. नॉर्वेच्या जवळजवळ दुप्पट! तिला 'बोली' म्हणून कोपऱ्यात बसवायला आपल्याला लाज वाटत नाही. तिच्यापेक्षा कितीतरी कमी माणसे बोलतात त्या बोडो भाषेला 2003 मध्ये आठव्या परिशिष्टात जागा मिळाली, ते योग्यच झाले. भिली अजून दाराबाहेर आहे. वाहरू सोनवणे यांचा 'गोधड' हा भिलीतला कवितासंग्रह 1987 साली आला. त्यानंतर भिली, पावरी, देहवाली, मावची यांत लिहिणारी पोरे तयार झाली. नर्मदेच्या काठच्या जीवनशाळांनी मुलांच्या भाषेत वाचनपाठ केले. या लिहिणाऱ्यांची पुस्तके निघतात ती पदरमोड करून, आणि ओळखीपाळखीत संपतात. शासनाने अशा प्रत्येक पुस्तकाच्या 500 प्रती घ्यायचे ठरवले, तर काय बिघडेल? 2 कोटींच्या मांडवाची एक कनात कमी होईल, एवढेच.

आणि जे म्हणतात डोंगरातला माणूस वाचत नाही, त्यांनी केरळातल्या इडमलक्कुडीला जावे. मुथुवन आदिवासींची ग्रामपंचायत, जंगलात, पायवाटेने जावे लागायचे असे गाव. तिथे पी. व्ही. चिन्नतंबी नावाच्या चहावाल्याने आपल्या मातीच्या टपरीत 160 पुस्तकांचे वाचनालय थाटले. पत्रकार पी. साईनाथ तिथे पोचले तेव्हा पुस्तके गोणपाटाच्या पोत्यांत होती. पण नोंदवही चोख होती आणि त्या नोंदवहीत पुस्तक बाहेर गेल्याच्या नोंदी होत्या. हा झाला फरक! आमची वही नग किती ते सांगते. चिन्नतंबींची वही वाचले किती ते सांगत होती. अर्थात केरळात अशा माणसाच्या मागे पी. एन. पणिकरांनी 1945 मध्ये 47 वाचनालये एकत्र बांधून सुरू केलेली चळवळ होती आणि पुढे 1989 चा कायदा होता. तो कायदा मालमत्ताकरावर ग्रंथालय-उपकर बसवतो. कर्नाटकात 1965 च्या कायद्याने मालमत्ताकरावर 6 टक्के उपकर आहे. तिथे ग्रामपंचायतींची साडेपाच हजारांहून अधिक ग्रंथालये 2019 मध्ये ग्रामविकास खात्याकडे आली आणि मुलांना सभासदत्व फुकट झाले. महाराष्ट्राच्या कायद्यात उपकराची एक ओळ नाही. कराला नाव नाही म्हणून पैशाला गाव नाही.

आमचे मागणे थोडके आहे आणि ते मुंबईत मान्य होण्याची आम्ही वाट पाहणार नाही. 1967 च्या कायद्यात दुरुस्ती करा, उपकर लावा आणि 'संस्था आली तर अनुदान' याऐवजी 'गाव आहे म्हणून ग्रंथालय' असे लिहा; हे मंत्र्यांचे काम, त्यांनी करावे, आम्ही रोज आठवण देऊ. पण काठीसारख्या, आदिवासी भागासाठीचा पेसा कायदा लागू असलेल्या गावांच्या हाती 2015 पासून एक हत्यार आहे. आदिवासी उपयोजनेचा 5 टक्के अबंध निधी थेट गावाकडे येतो आणि तो शिक्षणावर खर्च करता येतो. तो आजवर पेव्हर ब्लॉक, बाकडी आणि पथदिवे यांत किती गेला आणि त्यातली किती टक्केवारी कुणाच्या खिशात गेली, हे गावकऱ्यांना आमच्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. ठेकेदाराला पुस्तकाचा उत्साह नसतो, कारण पुस्तकावर छापील किंमत असते!

गावाला वाचायला शिकवायला शहरातून कोणी येण्याची गरज नाही. शेकडो वर्षांची होळी ज्यांना तारखेवार आठवते, त्यांच्या स्मरणशक्तीला आमच्या प्रमाणपत्राची गरज नाही. गरज आहे ती एका खोलीची, गावातल्याच एका मुलीला किंवा मुलाला ग्रंथपाल म्हणून जगता येईल अशा पगाराची, आणि पुस्तकांची निवड गावाने करण्याची. त्यांत स्पर्धा परीक्षेची पुस्तके येतील, भुताच्या गोष्टी येतील, वनहक्क कायद्याची पुस्तिका येईल, भिलीतली गाणी येतील. ज्याला जे हवे ते. उजाडताच दार उघडावे आणि संध्याकाळी मजुरीवरून परतलेल्यांसाठी दिवा जळत राहावा. पोलीस भरतीवाल्यांना तिथेच बसता यावे.

येत्या ग्रामसभेत मांडण्यासाठी ठरावाचा मजकूर असा: 'अबंध निधीतून गावाचे ग्रंथालय चालवावे. पुस्तकांची नोंद जडवस्तूंसारखी घेऊ नये. गहाळ झालेल्या पुस्तकाची वसुली ग्रंथपालाच्या पगारातून करू नये. वर्षअखेर किती पुस्तके शिल्लक आहेत ते न विचारता किती पुस्तके घरी गेली ते ग्रामसभेला सांगावे. कपाटाला कुलूप लावू नये.' शेवटच्या वाक्यावर ग्रामसेवक हरकत घेतील. त्यांना त्या दोन मुलींपुढे बसवावे आणि वरच्या फळीवरच्या पुस्तकांची नावे डावीकडून ऐकवावीत.